छापील किमतीत एक पाकीट

...आता तुमीच सांगा, त्या किमतीत विकाचंच नाई त किंमत छापता काऊन? हा साधा सवाल होता मधुकररावाईचा, अन् तुमाले सांगतो, चार महिने ते हाच सवाल घेऊन वर्धेत फिरत होते. दुकानदाराले विचारला, मोबाईलले विचारला, नागपूरच्या त्या काचेच्या दुकानातल्या सिक्युरिटीवाल्याले बी विचारून पाह्यला, तो बिचारा म्हणे, "अंकल, मैं तो दरवाजे का आदमी हूं." बरं, मागत काय होता मानूस? सोनं नाई, जमीन नाई, पत्त्याचं एक पाकीट. ते जपानी राक्षसाईचे पत्ते येतात ना, पोट्टे जमवतात, चमकणारे, पाकिटात दहा पत्ते असतात अन् फोडल्याशिवाय कळत नाई आत कोन निघन, तेच. नवीन संच आला होता, छापील किंमत साडेचारशे. मधुकररावाईले एकच पायजे होतं. पण छापील किमतीत.

आता हे छापील किमतीचं याड कुठून आलं, त मानूस वजनमापे खात्यातून रिटायर झालेला. बत्तीस वर्षं निरीक्षक. पाण्याच्या बाटलीवर दोन रुपये जास्त घेतले म्हणून बस स्टँडवरच्या माणसाले असा काई कायदा समजावून सांगतला, का त्यानं पुढं दोन वर्षं यांना पाहून दुकान अर्धं बंद केलं. घरी अनुसयाबाई, म्हणजे यांच्या मिसेस, भाजी घेऊन आल्या का हे विचारणार, "तराजूवरची मोहर पाह्यली का?" त्या म्हणणार, "मी टमाटर पाह्यले." असा संसार.

मंग त्रेसष्ट वर्षाच्या माणसाले राक्षसाचे पत्ते कशाले पायजेत? तुमी विचारसानच. तर गुंजनसाठी. एकुलती एक पोरगी. पाचवीत होती तवा तिले कावीळ झाली, दीड महिना पलंगावर, उसाचा रस पिऊन पिऊन कंटाळून गेली, कोनाशी बोलेना. मधुकररावाईले पोरीशी काय बोलावं हे तसंही कधी जमलं नाई, म्हणून त्याईनं कैलासच्या जनरल स्टोअर्समधून एक पाकीट आणलं. तिनं डोळे मिटाचे, यांनी कैचीनं कडा कापाची, एक एक पत्ता काढून नाव वाचाचं. ते जपानी नाव यांना वाचता येते का? हे म्हणणार काईतरी तिसरंच, अन् पोरगी डोळे मिटून हसणार, "असं नाई हो बाबा." कावीळ गेली. पत्ते राह्यले. शाळा झाली, इंजिनिअरिंग झालं, तीन वर्षांमागं लग्न होऊन पुण्याले गेली, तरी पत्ते राह्यले. दर रविवारी फोन. तब्येत बरी? बरी. पाणी आलं? आलं. एवढ्यात बापलेकीचं बोलणं संपून गेलं असतं, पण मंग पत्ते निघत, कोणता राक्षस आला, कोणाचे पंख जळतात, अन् अर्धा अर्धा तास चाले. अनुसयाबाई बाजूले हात पुढं करून बसलेल्या, का आता देतीन फोन, मंग देतीन.

तर जूनमध्ये गुंजन म्हणे, "बाबा, नवीन संच येऊन राह्यला. निळा गरुड आहे त्यात. एक घेऊन ठेवजा ना, दिवाळीले आली का आपण मिळून फोडू." हे म्हणाले, "घेतो न बेटा, त्यात काय."

त्यात काय!

पह्यले गेले कैलासकडे. कैलास म्हणे, "काका, डबा सकाळी आला अन् सकाळीच गेला." एवढा मोठा डबा? छत्तीस पाकिटं? "एकच गिऱ्हाईक होता. पुरा डबा उचलला." मधुकररावाईतला निरीक्षक जागा झाला. कितीले देला? कैलासनं बिल काढून समोर ठेवलं. छापील किमतीत. एक पैसा वर नाई. म्हणे, "काका, तुमीच शिकवलं आमाले. जास्त घेतलं का मी? अन् एका माणसाले किती द्याचे, हे तुमच्या कायद्यात आहे का कुठं?" मधुकररावाईनं सारा कायदा मनातल्या मनात वाचून काढला, कलमं, पोटकलमं, नियम... नाई. कुठंच नाई. बत्तीस वर्षं ज्या कायद्याची पाठराखण केली, त्याले एवढं भोक होतं अन् यांना पत्ता नाई. तसेच घरी आले. चहा बी नाई घेतला.

मंग मोबाईलवर. शुक्रवारी बाराले विक्री उघडणार होती. हे साडेअकराले आंघोळ करून, शर्ट घालून टेबलापाशी बसले. मी शेजारी, सहज डोकावलो, म्हणलं, काका, शर्ट काऊन? म्हणे, "खरेदी आहे." बाराले बटन दाबलं, घरचा पत्ता टाकला, आता ओटीपी. तो येते अनुसयाबाईच्या फोनवर, कारण बँकेचं खातं त्यांच्या नंबरले जोडलं आहे. अन् त्यांचा चष्मा फ्रीजवर. "सात... चार... हा सहा होय का आठ?" "अवं नीट पाय." "मंग तुमीच पाहा." यांनी पाह्यलं, टाकलं, अन् समोर आलं, माल संपला. बारा वाजून एक मिनिट झालं होतं. एका मिनिटात अख्ख्या देशातले पत्ते खलास, अन् एका तासानं त्याच साईटवर तेच पाकीट तिप्पट किमतीत, कोना भलत्याच माणसाच्या नावानं. छापील किंमत फोटोत दिसून राह्यली साफ. लपवाची बी गरज वाटली नाई त्याले.

मंग नागपूर. पह्यल्या गाडीनं गेले, दुकान उघडाच्या आंधी लाईनीत उभे राह्यले. एका माणसाले एकच पाकीट, असा बोर्ड लावलेला. हे खूश. म्हणे, कोनीतरी कायद्याचं भोक बुजवलं. पण समोर सारे कामकरी लोक, कोनाच्या पायाले सिमेंट, कोनाच्या डोक्याले दुपट्टा. त्यातला एक जण मागं वळून म्हणे, "काका, तुमाले किती रोज ठरला?" यांना कळेना. "मले तीनशे अन् नाश्ता. तुमाले म्हातारं पाहून कमी देले काय?" तवा उजेड पडला. एकाच शेठनं लेबर चौकातून बारा माणसं रोजानं आणून उभी केलती. मधुकरराव म्हणाले, "मी पोरीसाठी उभा आहे." तो मानूस म्हणे, "मंग तुमचा रोज कोन देते?" यांच्या आंधी तीन माणसं असताना पाकिटं संपले. तो मानूस जाता जाता आपल्या नाश्त्यातला एक समोसा यांच्या हातावर ठेवून गेला.

शेवटी कैलासनंच पत्ता देला. डबा उचलणारा पियुष, सावंगीले भाड्याच्या खोलीत राहते. हे गेले. पोरगं सभ्य, खुर्ची देली, पाणी देलं. टेबलावर सोनाराचा काटा. मधुकररावाईची नजर आंधी काट्यावरच गेली, "याची पडताळणी झाली का?" पियुष म्हणे, "काका, हे घरगुती आहे." अन् समोर दोन ट्रे, दोन्हीत पाकिटं. एकात भारी, एकात हलके. म्हणजे काय? "काका, चमकणाऱ्या पत्त्याले पन्नी असते, तो जरासा भारी भरते. मी प्रत्येक पाकीट तोलतो. भारी तीन हजार, हलकं चौदाशे." हलक्यात काय निघन? "साधे निघतीन. गरुड नाई निघाचा. मी खोटं नाई सांगत तुमाले."

तुमाले सांगतो, खोटं बोलला असता त बरं झालं असतं. खोट्या माणसाले कसं धराचं, हे मधुकररावाईले पाठ होतं. हा खरा तोलून, खरं सांगून, डोळ्यादेखत लुटत होता. दिवाळी चार दिवसावर. खिशात चौदाशे अन् परतीच्या ऑटोचे. त्याईनं हलकं पाकीट उचललं, उलटं केलं, छापील किंमत वाचली, परत सुलटं केलं, अन् पैसे देले. सवयीनं तोंडातून निघालं, "बिल?" पियुष हसला नाई, एवढं मात्र चांगलं केलं त्यानं.

गुंजन आली. दोन दिवसाची सुट्टी. जेवणं झाल्यावर टेबलापाशी बसली, डोळे मिटले. यांनी कडा कापली. आत गरुड नाई हे यांना माहीत, तरी दहाही पत्ते असे हळूहळू काढले, जसं काई शेवटल्या पत्त्यापर्यंत आशा आहे. नावं चुकीची वाचली. तिनं एकही दुरुस्त केलं नाई. म्हणे, "मस्त आहेत, बाबा." तवा अनुसयाबाई सैपाकघरातून म्हणाल्या, "चौदाशेचं पाकीट होय ते, मस्त त असनच."

गुंजननं डोळे उघडले. पाकीट उचलून मागची किंमत पाह्यली, मंग बापाकडं पाह्यलं. "तुमी जास्त पैसे देले? तुमी?" हे म्हणाले, "असू दे बेटा, आता एवढं मन होतं तुहं." अन् पोरगी एकदम रडाले लागली. म्हणे, "बाबा, मी दोन वर्षं झाले, एक बी पाकीट घेतलं नाई. मले नाई आवडत आता. मी शनिवारी नेटवर वाचून ठेवते, रविवारी तुमच्याशी बोलाले काई असावं म्हणून. मले वाटलं, तुमाले आवडते."

मधुकरराव बराच वेळ कैची मिटत-उघडत राह्यले. मंग म्हणाले, "मले त्यातलं काय कळते बेटा? मी त पेपरवाल्याच्या पोराकडून नावं लिहून घेत होतो. तुले विचाराले."

तुमाले वाटन, चला, मोकळं झालं एकदाचं, आता बापलेक मनातलं बोलतीन. मले बी वाटलं होतं. पण तसं होत नाई ना... आता दोघाईलेही माहीत झालं, त गरुडाचं नाव कोन काढन? तिनं काढलं त याच्यासाठी काढलं, यानं काढलं त तिच्यासाठी काढलं, दोघंही समजणार. दिवाळीनंतर रविवारचा फोन येते. तब्येत बरी? बरी. पाणी आलं? आलं. अन् मंग दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू येते.

परवा जानेवारीत कैलासचा निरोप आला. कंपनीनं पत्ते पुन्हा ढिगानं छापले म्हणे, दुकानात शाम्पूच्या पुड्यांसारख्या माळा लटकून राह्यल्या, गिऱ्हाईक नाई. "काका, या, पायजे तेवढे न्या. छापील किमतीत." हे गेले. एक पाकीट हातात घेतलं, किंमत वाचली, पॅकिंगची तारीख वाचली, जिथून काढलं तिथंच अडकवून देलं.

पण रविवारी फोन आला तवा, तब्येत झाली, पाणी झालं, अन् मधुकररावाईनं खोकून घसा साफ केला. म्हणाले, "कैलासकडे पत्ते आले म्हणे. छापील किमतीत."

"हो का बाबा?" गुंजन म्हणाली. "बरं झालं."

मधुकररावाईनं फोन दुसऱ्या कानाले लावला.

"बाबा... आई आहे का जवळ?"

"आहे न. देतो," मधुकरराव म्हणाले. दुसरं काय देणार मानूस.