पुडीतल्या रंगाचा शिरा

शेजारच्या काशीबाईच्या पोरीचं लगीन माझ्यामुळं जमलं, हे सांगितलंच न्हाई ना तुम्हाला? हसनाबादचे पाव्हणे बैलांच्या दमणीतून पोरगी बघायला आल्ते. केशर कुठून आणायचं? काशीबाईनं शिऱ्यात जालन्याच्या बाजारातल्या पुडीतला पिवळा रंग घातला. वाटी बघून मुलाची आई म्हणाली, "हा रंग खायचा का लुगड्याचा? आधी तुम्ही खा."

काशीबाई रडवेली झाली. पाव्हण्यांच्या आधी पोरीकडच्यांनी कसं खायचं?

मी दारातून डोकावून बघून राह्यले होते.

मुलाच्या आईनं माझ्याकडं बोट केलं, "ह्या ना तुमच्या, ना आमच्या. ह्यांना वाढा!"

मी दोन वाट्या खाल्ल्या. सगळे माझ्या तोंडाकडं टकामका बघत होते. मी तिसरी मागितली, तशी मुलाची आई ओरडली, "आम्हाला वाढा जल्दी! ही बाई काहीच ठेवत न्हाई!"