बासष्ट नंबरचा गडी

आजच्या सभेच्या सन्माननीय अध्यक्षा अर्लिन क्विटेकबाई; माझ्या डाव्या हाताला दीड खुर्ची व्यापून बसलेले आपले सत्कारमूर्ती टोबायस कुचेरा; नेब्रास्काहून दिवसभर ट्रक हाकत आलेले त्यांचे वडील मिलोसाहेब; चर्चचं हे तळघर आपल्याला दर शुक्रवारी मासे तळायला देणारे फादर; कुंपण मंडळाचे माझे भगिनी-बंधू; आणि मागे बिअरच्या पिंपाशी उभे राहून मी कधी थांबतो याची वाट बघणारी मित्रमंडळी,

लेक पोर्टर गावात चाळीस वर्षं मी अंत्यविधीचं काम करतो. म्हणजे निरोपाची भाषणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण ज्याला निरोप द्यायचा तो शेजारी बसून तिसरी प्लेट संपवतोय, असा प्रसंग माझ्यावर आज पहिल्यांदाच आला. त्यामुळे जरा बावरलोय, सांभाळून घ्या.

मिलोसाहेब पाहुणे आहेत, म्हणून आमच्या मंडळाचा रिवाज त्यांच्यासाठी सांगतो. दर वसंतात आपला व्यावसायिक फुटबॉल संघ कॉलेजातली पोरं निवडतो. सात फेऱ्या होतात. पहिल्या फेरीतल्या पोराचं नाव दुसऱ्या दिवशी गावातली कुत्रीसुद्धा ओळखतात. सातव्या फेरीतल्याला विचारतो कोण? आम्ही विचारतो. सगळ्यात शेवटी निवडलेला तो आमचा. जुलैअखेर सराव सुरू झाला की आम्ही मैदानाच्या कुंपणाला नाक लावून उभे राहतो आणि त्याच्या एकट्याकडे बघतो. हातात कागद घ्यायचा नाही, हा अर्लिनबाईंचा कडक नियम. संघ रोज खेळाडूंची नावं-नंबर छापून वाटतो. आमच्यातल्या कुणी तो कागद घेतला तर बाई हिसकावून घेतात. "वाचायला आलायस की बघायला?" बाईंनी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, त्यांच्यापुढे कोण बोलणार?

यंदा आमच्या वाट्याला टोबी आला. बचावाच्या पहिल्या रांगेतला गडी. नंबर चौऱ्याण्णव. मंडळी, या माणसाचं काम काय असतं? समोरच्या धटिंगणाला रेटून आत घुसायचं, आणि घुसता नाही आलं तर दोघांना अंगावर घेऊन जागा सोडायची नाही. चेंडू हाताला लागत नाही, फोटोत चेहरा येत नाही. मग असा गडी चांगला की वाईट, हे कुंपणाबाहेरून ओळखायचं कसं? या कुतूहलावर आमचा अख्खा ऑगस्ट निघतो. हे आमचे डेल ऑस्ट्रॅन्डर पाय बघतात. मी हात बघतो. धंद्यामुळे लागलेली सवय. अर्लिनबाई बघतात शिट्टी वाजल्यावर तो काय करतो ते.

पहिल्या आठवड्यात आमचं एकमत झालं नाही. डेल म्हणाले, "सातव्या फेरीचा माल आहे, जास्त डोकं खाजवू नका." अर्लिनबाई म्हणाल्या, "तुझ्या बायकोने तुला कितव्या फेरीत निवडलं होतं रे?" डेलच्या मिसेस समोरच बसल्यात, त्यांनी उत्तर दिलं तरी चालेल.

असो. आता मूळ मुद्दा. गेल्या मंगळवारी संघाने नव्वदांतले त्रेपन्न ठेवले आणि बाकीच्यांना घरी पाठवलं. टोबी त्या बाकीच्यांत. कुणी कारण सांगितलं नाही, हस्तांदोलन केलं आणि बॅग भरायला सांगितली. आता काय करायचं? मिलोसाहेबांचा बोअरवेल पाडायचा धंदा आहे, त्यांना भरवशाचा माणूस हवाय, आणि ट्रक बाहेर उभा आहे. टोबीला थांबायचंय. हंगामात कुणी ना कुणी जायबंदी होतोच, आणि तेव्हा फोन येतो तो जवळपास राहून अंग तयार ठेवलेल्या ओळखीच्या गड्याला. कुणाचा गुडघा जाईल याची वाट बघा, असं माझ्या धंद्यातल्या माणसाने सुचवणं बरं दिसत नाही, पण खेळ असाच आहे.

मघाशी टेबलावर मी मिलोसाहेबांना म्हटलं, "पोरगा खेळू शकतो हो."

ते शांतपणे म्हणाले, "मिस्टर ग्रोस, तुम्ही त्याचे चाहते. तुम्हाला दरवर्षी एक पोरगा लागतो. टाळ्या वाजवायला तुमचं काय जातं? वय त्याचं चाललंय."

मंडळी, मला राग आला नाही. मला ते पटलं. आम्हाला तो आवडतो म्हणून चांगला वाटतो, की चांगला आहे म्हणून आवडतो? मासा गार झाला तरी मी त्यावरच विचार करत होतो. आणि मग मला ते तीन दिवस आठवले. टोबी, हे तुलाही माहीत नाही. डेल, खाली बघू नका, सांगतोच आता.

सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात संघाने एक जुना, नावाजलेला गडी आणला. तो जन्मभर चौऱ्याण्णव घालत आलेला. जुन्या माणसाने नंबर मागितला की नव्याने मुकाट्याने द्यायचा, ही तिथली रीत. टोबीला बासष्ट मिळाला. कागदावर ते छापलं होतं. कागद आम्ही घेत नाही. सरावाच्या जर्सीवर नाव नसतं, डोक्यावर हेल्मेट, आणि या मंडळींची पाठ म्हणाल तर सगळ्यांचीच कपाटासारखी. आम्ही आपले निष्ठेने चौऱ्याण्णवकडे बघत राहिलो!

आणि काय सांगू, आमचा टोबी बिघडला होता. शिट्टी झाली की कमरेवर हात. धावायचं म्हटलं की मागे. डेल म्हणाले, "बघा, आठ दिवसांत चढली पोराला." अर्लिनबाईंनी त्या दिवशी घरून आणलेला केळ्याचा ब्रेड परत नेला. आणि शेजारीच एक बासष्ट. कंबर इतकी खाली की बुटाची नाडी बांधतोय वाटावं. हात आधी, डोकं नंतर. समोरचा गडी मागे, मागे, मागे. शिट्टी झाली की पडलेल्याला हात देऊन उठवायचा आणि पळत रांगेत. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "हा बासष्ट कोण रे?" डेल म्हणाले, "पहिल्या फेरीतला असणार. चालीवरून कळतं." आणि मी, देवा, मी म्हणालो, "आपल्या वाट्याला असा कधी यायचा?"

तिसऱ्या दिवशी सराव संपल्यावर बासष्टने हेल्मेट काढलं आणि सरळ आमच्याकडे आला. घामाने निथळत म्हणाला, "काका, तीन दिवस तुम्ही कुणी हाकसुद्धा मारली नाही. काही चुकलं का माझं?"

आम्ही ऊन डोळ्यांवर येत होतं असं काहीतरी बोललो. अर्लिनबाईंनी दुसऱ्या दिवशी दोन ब्रेड आणले. तू दोन्ही खाल्लेस.

आता मिलोसाहेब, तुम्हीच सांगा. ते तीन दिवस आम्ही चाहते कुणाचे होतो? नाव माहीत नाही, फेरी माहीत नाही, आणि आमची सगळी माया दुसऱ्याच्याच पाठीवर खर्च होत होती. तरी नजर कुणाकडे वळत होती?

उगीच हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाही. टोबी, दमलास की तू ताठ उभा राहतोस, आणि ताठ उभा राहिलेला गडी संपला. तुझा डावा हात उशिरा येतो. दुसऱ्या सराव सामन्यात चेंडू हलायच्या आधी उडी मारून फाउल केलास, तो बघून मी डोळे मिटले. तू या खेळाचा राजा होशील असं मला वाटत नाही. पण तू खेळू शकतोस. हे मी मायेने बोलत नाही. माया आहेच, ती वेगळी.

राहायचं म्हणाल तर माझ्या दुकानावरची खोली रिकामी आहे. खालची मंडळी अजिबात आवाज करत नाहीत. सकाळी शाळेच्या मैदानावर सराव, दुपारी मला मदत. चौघांनी उचलायचं ते हा एकटा उचलेल. सामान ट्रकमधून खुशाल न्या, मिलोसाहेब. पोरगा थोडे दिवस ठेवा.

अं? काय म्हणालात? अर्लिनबाई, जरा तो माइक त्यांना द्या. नको? बरं, मीच सांगतो. मंडळी, मिलोसाहेब म्हणतात, "ख्रिसमसपर्यंत."

अहो थांबा, टाळ्या थांबवा, ते आणखी काही म्हणतायत. "फोन आला तर मला कळवा. मी येतो कुंपणाशी. नंबर तेवढा सांगू नका. माझा पोरगा मी शोधतो."

टोबी, डोळे पूस, हातरुमाल घे, धंद्यामुळे माझ्याकडे कायम दोन असतात. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही गार मासे खात ऐकून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. निरोपाचं भाषण करायला उभा राहिलो आणि निरोपच द्यायचा राहून गेला; या धंद्यात इतकी मोठी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. तेवढी माफ करा.