मोहनरावांच्या रंगवलेल्या कुंड्या

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावरची थोर मंडळी, पुष्पप्रेमी मंडळाचे संस्थापक आणि आजचे सत्कारमूर्ती मोहनराव, आणि एका कुंभाराला इथं बोलायला कोणी उभं केलं म्हणून अजून कुजबुजणारे सभाजन, आपणां सर्वांना या रामहरीचा नमस्कार.

मोहनराव उद्या सकाळच्या गाडीनं कायमचे पुण्याला चालले. माझ्याआधी पाच वक्ते झाले. पाचांनी मिळून त्यांच्या बागेची अशी तारीफ केली की माझ्या वाट्याला नुसत्या कुंड्या उरल्या. हरकत नाही, त्या मीच घडवल्यात. पण अकरा वर्षं ती बाग ज्यानं राखली, त्या कऱ्हाटीच्या जोतीराम माळ्याचं नाव पाचांतल्या एकानंही घेतलं नाही. गडबडीत राहिलं असेल. तो तिथं दाराशी उभा आहे. त्याला निमंत्रण नव्हतं, तेही गडबडीतच राहिलं असेल.

कुंडी म्हणजे काय, हे मी जोतीरामकडून शिकलो. घडवणारा मी, पण वापरणारा तो. माझ्याकडची नवी कुंडी तो आधी दिवसभर हौदात बुडवून ठेवायचा. म्हणायचा, "तात्या, कोरडी कुंडी आधी सोता पानी पिती, मग रोपाला काय ऱ्हातंय?" बुडाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा घालायचा, कुंडी विटांवर ठेवायचा, आणि महिन्यातून एकदा काथ्यानं घासायचा. कारण आपल्या विहिरींचं पाणी खारट. ते कुंडीच्या अंगातून पाझरतं आणि बाहेर पांढरा खार धरतो. रोपाला नको असलेलं असं बाहेर पडतं, म्हणून रोप जगतं.

तो पांढरा खार मोहनरावांना खुपायचा. पुण्याची पाहुणे मंडळी येणार, मार्गशीर्षात शेवंतीचं प्रदर्शन भरणार, आणि कुंड्यांना कोड फुटल्यासारखं दिसणार, हे त्यांनी कसं सोसावं? त्यांनी विलायती तेलाचा रंग मागवला. आतून-बाहेरून दोन-दोन हात दिले. लाल कुंडी, वर पिवळी किनार. काय देखणा थाट होता, सांगू महाराज! विलायती डब्यावर साहेबाचं चित्र होतं, तेव्हा कुंभाराला किंवा माळ्याला विचारायचा प्रश्नच नव्हता.

पण माळी आपणहून बोलला. "मालक, रंगानं कुंडीचं नाकतोंड बंद झालं. आता पानी कमी घालतो." मोहनराव म्हणाले, "तुला कामचुकारपणा करायचाय." रोज दोन झाऱ्या, आणि त्यावर देखरेख स्वतः मालकांची, हातात छत्री धरून. इतक्या प्रेमानं झाडं बुडवलेली मी आजवर पाहिली नव्हती.

मग जोतीराम माझ्याकडे आला. "तात्या, तुमी सांगा. तुमचं ऐकतील. म्या सांगितलं तर आगाव म्हणत्यात."

मी काय केलं? मोहनरावांनी नुकतीच दोनशे कुंड्यांची मागणी दिली होती. रंग लावू नका म्हणालो असतो तर ती मागणी इंदापूरच्या दुसऱ्या कुंभाराकडे गेली असती. मी म्हणालो, "बघतो." आणि चाक फिरवत बसलो.

दिवाळी सरली आणि शेवंती मुळातून कुजली. बाहेर पडायला वाट न मिळालेला खार मातीवर वर आला, पांढराशुभ्र. मोहनरावांनी बोटावर घेऊन चाखला. खारट लागला. झाला पुरावा! जोतीरामनं मुळाशी मीठ टाकलं, असं भर बाजारात सांगून त्यांनी त्याला कामावरून काढलं. मंडळातल्या चार शहाण्यांनीही बोटं चाखली आणि माना डोलावल्या. चाखणाऱ्यांपैकी दोघं आज व्यासपीठावर आहेत. त्यांची नावं मी घेत नाही, कारण ती घेण्याचा मान अध्यक्षांचा.

सभा सुरू होण्याआधी मी या टेबलावर दोन कुंड्या पाणी भरून ठेवल्या, भोकं चिंधीनं बुजवून. एक रंगवलेली, एक साधी. साधीचं अंग ओलं झालंय, खालचं कापड भिजलंय. रंगवलेली ठणठणीत कोरडी आहे. आबासाहेब, हात लावून पाहा. कापडाबद्दल माफी असावी.

आता हा सगळा पाढा निरोपाच्या दिवशी का वाचायचा? कारण वर्ष झालं, माझ्या कुंड्या घेऊन गावोगाव फिरतो, तेव्हा जो तो विचारतो, "मीठ टाकणारा तो जोतीराम कुठं हाय?" त्याला बागेचं काम कोणी देत नाही. परवा कळंबजवळच्या एका नव्या बंगल्यावर माळी हवा म्हणून तो गेला. ते म्हणाले, जुन्या मालकाचा दाखला आण. त्याची बायको सारजा तीनदा मोहनरावांच्या दाराशी जाऊन आली. तिन्ही वेळा मालक देवपूजेत होते. उद्या गाडी सुटली की दाखला कोणाकडे मागायचा?

म्हणून कागद मीच लिहून आणलाय. आपल्याला त्रास नको. दोनच ओळी आहेत, वाचतो. "जोतीराम माळी याने अकरा वर्षे माझी बाग इमानाने राखली. शेवंती माझ्या रंगामुळे मेली, त्याने मीठ टाकले नव्हते."

मोहनराव, मी पुढे केलेली लेखणी आपण मागे सारू नका. मी आपल्याला एकट्याला अडकवत नाही. तळाला आणखी एक ओळ आहे. "हे मला तेव्हाच ठाऊक होते, आणि धंद्यासाठी मी गप्प राहिलो." तिच्याखाली माझी सही सकाळीच झाली आहे. आपल्या सहीची जागा वरच्या दोन ओळींखाली मोकळी ठेवली आहे.

मला बोलू दिलंत, त्याबद्दल अध्यक्षांचा आणि मंडळाचा मी आभारी आहे. कुंभाराच्या तोंडून काही उणंदुणं निघालं असेल तर सभेनं पोटात घालावं. जोतीरामची माफी मी दुपारी त्याच्या घरी जाऊन मागितली. तो म्हणाला, "तात्या, माफीचं मागाहून बघू. आधी मालकांची सही घिऊन या."

सभा संपेपर्यंत मी इथंच उभा आहे.