नुसतीच गोळी

(फोनवर. टोर्किल डेन्मार्कच्या फानो बेटावर, घरामागच्या शेडमध्ये. बेनेडिक्टे कोपनहेगनच्या संशोधन केंद्रात.)

टोर्किल : भूक नाही. लिहा, अजिबात नाही.

बेनेडिक्टे : मग आत्ता तोंडात काय आहे?

टोर्किल : राय धान्याचा पाव. वाळून जाईल म्हणून खातोय. पुढचं विचारा.

बेनेडिक्टे : विचारते. आधी नेहमीचं सांगू दे. प्रयोगाची गोळी घेतलेल्या दिवशी त्या खोलीत काय झालं ते मला सांगायचं नाही. तुम्हाला अळंब्यातलं औषध मिळालं की औषध नसलेली नुसतीच गोळी, हे मला कळता कामा नये. मी फक्त मन कसं आहे ते विचारणार.

टोर्किल : पाठ झालंय ते. बाकी गंमतच आहे तुमची. तेच अळंबं आमच्याकडे मेंढ्यांच्या कुरणात उगवतं, आणि तुम्ही त्यातलं द्रव्य हातमोजे घालून तिजोरीतून काढता.

बेनेडिक्टे : कशात मन लागतं का?

टोर्किल : नाही.

बेनेडिक्टे : कामात? वाचण्यात?

टोर्किल : नाही म्हटलं ना.

बेनेडिक्टे : मागे काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय.

टोर्किल : शेजारच्या आस्गरची होडी. त्याला जमत नाही म्हणून जुना रंग मी काढून देतोय. त्यात मन कशाला लागतं, हात लागतात.

बेनेडिक्टे : टोर्किल, वसंत ऋतूपासून मी तुम्हाला फोन करतेय. आधी एकेका उत्तराला तुम्ही इतका वेळ लावायचात, की फोन कटला समजून मी हॅलो हॅलो करत बसायचे. आज माझा प्रश्न संपायच्या आत तुमचं उत्तर येतंय.

टोर्किल : घाई आहे. लिहा ना, माणूस अस्वस्थ आहे.

बेनेडिक्टे : अस्वस्थ आहात, ते लिहिलंच. उदास मात्र वाटत नाही. माझ्याशी खोटं बोलताय का?

टोर्किल : माझी मुलगी, सिसेल. आठवतेय?

बेनेडिक्टे : तिलाही हाच नैराश्याचा आजार आहे, असं म्हणाला होतात.

टोर्किल : माझ्यापेक्षा वाईट. सगळी औषधं झाली, विजेचे झटके झाले. आता डॉक्टर म्हणतात, अळंब्यातल्या औषधाला मंजुरी मिळाली तर बघू. त्या 'तर'वर जगतेय पोरगी, माझ्याच घरात. तुमच्या प्रयोगात तिला घेतलं नाही, दुखणं फार पुढे गेलंय म्हणाले. घेतलं कुणाला, तर बापाला.

बेनेडिक्टे : म्हणून खोटं?

टोर्किल : सरळ आहे की. नुसती गोळी घेतलेले रडत राहिले आणि औषध घेतलेले हसायला लागले, की औषध जिंकलं. बरोबर?

बेनेडिक्टे : ढोबळ मानाने.

टोर्किल : आणि नुसती गोळी घेतलेलाच होड्या खरवडत सुटला तर?

बेनेडिक्टे : थांबा. पुढे बोलू नका.

टोर्किल : बोलणार. दिवसभर डोळ्यांवर पट्टी बांधून पडलो होतो. संगीत चाललंय, दोन्ही बाजूंना दोघं बसलेत. लोकांना म्हणे मेलेली आई भेटते, भिंती श्वास घेतात. मला नुसता अंधार. आणि लघवीला लागली.

बेनेडिक्टे : अहो, नेमकं नको तेच बोललात.

टोर्किल : ऐका तरी. घरी आलो, आणि एका सकाळी उठून बूट घातले. का घातले, माझं मलाच कळेना. मी बरा व्हायला लागलो, बाई. नुसत्या गोळीवर. माझ्यामुळे तिचं औषध बुडायला नको, म्हणून सांगत सुटलो, भूक नाही, झोप नाही, काही नाही.

बेनेडिक्टे : तुम्हाला नुसतीच गोळी मिळाली, हे कुणी सांगितलं?

टोर्किल : सांगायला कशाला हवं? काही दिसलंच नाही.

बेनेडिक्टे : या प्रयोगात कमी मात्रेचाही एक गट आहे, तुम्हाला आधीच सांगितलं होतं. आणि पुरती मात्रा घेऊनही फारसं काही न दिसणारी माणसं असतात. तुम्हाला काय मिळालं ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. समजा, औषधच मिळालं असेल तर?

टोर्किल : तर काय?

बेनेडिक्टे : तर इतके दिवस तुम्ही आम्हाला सांगताय, की औषधाने काही फरक पडला नाही.

टोर्किल : अरे देवा. म्हणजे मीच तिच्या औषधाच्या मुळावर उठलो?

बेनेडिक्टे : ठाऊक नाही म्हटलं ना.

टोर्किल : मग खोडा ते सगळं. पहिल्यापासून विचारा.

बेनेडिक्टे : मला आता विचारता येणार नाही. खोलीतलं ऐकून माझे कान बाटले. उद्या दुसरं कुणीतरी फोन करेल. मागची उत्तरं खोटी होती, हे मला वर कळवावं लागेल. ती बहुतेक बाद होतील.

टोर्किल : त्या दुसऱ्याला काय सांगू?

बेनेडिक्टे : असेल ते. औषध जिंकवणं तुमचं काम नाही.

टोर्किल : तुम्हाला बोलायला सोपं आहे.

बेनेडिक्टे : सोपं नाही. ते जिंकावं असं मलाही वाटतं. म्हणून तर त्या खोलीतलं मला कळू देत नाहीत.

टोर्किल : ठेवतो मग.

बेनेडिक्टे : थांबा. एक विचारल्याशिवाय मला फोन ठेवता येत नाही. हे प्रयोगासाठी नाही, तुमच्यासाठी. मरून जावं असं अजून वाटतं का?

टोर्किल : खरं सांगायचं?

बेनेडिक्टे : खरंच.

टोर्किल : नाही वाटत. जगावंसं वाटतं, बाई. फार वाटतं. आणि रोज संध्याकाळी घरात शिरताना तोंड पाडून शिरतो, तिच्याआधी बाप बरा झाला हे पोरीला कळू नये म्हणून.