दादाची मिजेट विकायची आहे

—बूट असू द्या हो एझराअंकल, गॅरेजच आहे. हो, हीच ती ॲडमधली. रेसिंगची मिजेट गाडी. छोटी वाटते ना? फोटोत मोठी दिसते, आमच्या दादासारखीच! पुष्करदादा, दोनदा चॅम्पियन. आता चॅम्पियन म्हणजे काय हो, दहाबारा गाड्या मातीत गोल गोल फिरतात, त्यातल्या दोनचार एकमेकींवर आपटतात, उरलेल्यांत पहिला आला की ट्रॉफी! पण आईनं पेढे वाटायला इथल्या मिल्टनमधलं एक मराठी घर सोडलं नाही — आणि पहिल्या रेसला तिनंच ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये गाडीपुढे नारळ फोडला, तर करवंटीचा तुकडा टायरमध्ये! पहिल्याच लॅपला पंक्चर. आई म्हणते, दृष्ट लागली. कोणाची? नारळाची?

चावी? चावीच नाहीये अंकल. स्टार्टरच नाही हिला. मागून पिकअपनं ढकलायची, मग सुरू होते. तुमच्या मुलासाठी, जेसीसाठी, एटोबिकोहून दर वेळी ट्रॅकवर कोण येणार ढकलायला — तुम्ही? आणि शेजाऱ्यांच्या कंप्लेंट्स? इंजिनचा आवाज ऐकलायत? मी आपलं तुमच्या भल्यासाठी सांगतेय हां.

दादा? तो हॅलिफॅक्सला. जॉब घेतला, मिनीव्हॅन घेतली, आता फोनवर अर्धा तास विंटर टायर्सवर बोलतो. चॅम्पियन! म्हटलं, दादा, विकू नको ना, मला दे. एवढा हसला, एवढा हसला — "ईशू, आधी पॅरलल पार्किंग तर जमू दे." स्पीकरवर होता, बाबापण हसले. चहा सांडेपर्यंत हसले.

बसून बघायचंय? बसा की. पोट आत घ्या — हां. काय? पेडलवर लाकडी ठोकळे? ते... दादाचे पाय पोचत नाहीत. हो, फोटोत सहा फुटी दिसतो, पण फोटोचं काय घेऊन बसलात? आणि कसला हो चॅम्पियन, तिसऱ्या टर्नला दर वेळी घाबरून गॅस-पेडलवरचा पाय उचलायचा, मी तर उचलतच नाही, सरळ भिंतीला खेटून —

...

म्हणजे... तसं नाही. फोन कशाला काढताय? दादाला नका ना लावू. अंकल, प्लीज, शनिवारी माझी पहिली रेस आहे, एन्ट्री दिलीये, फक्त शनिवारपर्यंत — हसताय? तुम्हीपण?

उतरा. नाही विकायची. अडकलात? हात द्या. जेसीला सांगा, आधी पॅरलल पार्किंग जमू दे. आणि ते हेल्मेट ठेवा खाली.

माझं आहे ते.