ईशान्येचा कोपरा

क्योहेइ : आई, संडासाचं बोलायला मला राजवाड्यापर्यंत कशाला आणलंस? घरातच बोललो असतो की.

मात्सुए : घरात तू ऐकतोस कुठे? सारखा त्या मिस्त्रीशी फोनवर. तो भिंतीचा कोपरा बघ.

क्योहेइ : बघितला. आत मुडपलाय. ईशान्य दिशा, तिकडून भुतंखेतं येतात. कोपराच ठेवला नाही, म्हणजे शिरायला जागा नाही. ओसाकाला नोकरी करतो म्हणून क्योतो विसरलो नाही मी.

मात्सुए : आणि वर?

क्योहेइ : वळचणीखाली लाकडी माकड, राखणीला. रात्री सुटून लोकांच्या खोड्या काढायचं म्हणून जाळीत. राखणदारच कोंडून ठेवलाय, झकास!

मात्सुए : हस. इथून सरळ ईशान्येला सेकिझानचं देऊळ, त्याच्या छपरावर दुसरं माकड. त्याच्या मागे हिएइचा डोंगर, वर मठ. आणि मधे आपली गल्ली. तोदोंच्या कोपऱ्यात अरिष्ट टाळणारं नानतेनचं झाड, निशिवाकींची पांढरी खडी. जो तो आपापला कोपरा सांभाळतो. आपण आपल्या कोपऱ्यात संडास बांधायचा?

क्योहेइ : निशिवाकीकाकू काही म्हणणार नाहीत.

मात्सुए : तेच तर. त्या काहीच म्हणणार नाहीत. जन्मभर.

क्योहेइ : आई, संडास अंगणापलीकडे, बर्फावरून घसरलीस, खुब्याचं हाड मोडलं. पुन्हा पडलीस आणि मी ओसाकात असलो तर? घराला लागून तेवढीच जागा रिकामी आहे.

मात्सुए : ती रिकामी नव्हती. तिथे खोली होती.

क्योहेइ : कसली खोली?

मात्सुए : बाळंतिणीची. तुझ्याआधी मला मुलगी झाली होती. महिन्याचीही झाली नाही.

(क्योहेइ बाकावर बसतो. मात्सुएही शेजारी बसते.)

क्योहेइ : मला कुणी कधी सांगितलं नाही.

मात्सुए : तुझ्या वेळी दिवस राहिले, तेव्हा एका सकाळी तुझ्या बाबांनी पहार घेतली आणि ती खोली पाडली.

क्योहेइ : बाबांनी? ते तर विज्ञान शिकवायचे! देवळात गेले तरी छपराचं लाकूड बघत बसायचे.

मात्सुए : मीही तेच म्हटलं, तुमचा विश्वास आहे का या ईशान्येच्या गोष्टींवर? म्हणाले, नाही. पण काहीतरी करायला हवं ना मला. मग खडी आणून टाकली. हाताला फोड आले होते.

क्योहेइ : आणि मग मी झालो.

मात्सुए : झालास. रात्रभर रडायचास. बाबा मात्र तेव्हापासून झोपायला लागले.

क्योहेइ : तू रोज सकाळी तिथे झाडतेस ते...

मात्सुए : भुतांसाठी नाही रे.

क्योहेइ : नाव ठेवलं होतं तिचं?

मात्सुए : सायो.

क्योहेइ : सायो.

मात्सुए : हं. तुझ्या तोंडून बरं वाटतं.

क्योहेइ : माझी खोली मोडू या. संडास तिथे करू. पाइप सगळ्या घराला वळसा घालून आणावा लागेल. आणू.

मात्सुए : आणि तू आलास की झोपशील कुठे?

क्योहेइ : तुझ्या खोलीत. आता दर शनिवारी येईन म्हणतोय.

मात्सुए : बाबांसारखा घोरतोस तू.

क्योहेइ : मग?

मात्सुए : मग काय. ये.