चाकसूचा गरमागरम प्रसाद

नाही रे निमिष, चहा नाही मिळायचा आज. दूध आहे, साखर आहे, पण गॅस पेटवायचा नाही — शीतलाष्टमी आहे. म्हणजे काय म्हणून काय विचारतोस? मातेला आज सगळं गार लागतं. पुऱ्या, बाजरीची राबडी, गोड भात, सगळं आदल्या दिवशी करून ठेवायचं, आणि आज देवीलाही गार, आपल्यालाही गार; बासोडा म्हणतात त्याला इकडे. जयपुरातलं शेंबडं पोर सांगेल तुला. आणि तू, जाहिराती लिहिणारा माणूस, ऐन चाकसूच्या शीतलामातेच्या जत्रेच्या तोंडावर, त्या नव्या टोलनाक्याशी माझा एवढा मोठा फोटो लावतोस — हातात डबा, डब्यातून वाफा — आणि खाली काय, तर ‘टोल दीजिए, टाइम लीजिए, माता को गरमागरम प्रसाद दीजिए.’ अरे, रिकामा होता तो डबा. मी म्हटलं, आपल्या महाराष्ट्र मंडळातला मुलगा, घरापासून लांब एकटा राहतो, हौसेने म्हणतोय काकू उभ्या राहा, तर राहू. वाफ कुठून आली मग? कम्प्युटरवर. बरं. पुढच्या वेळी कम्प्युटरलाच उभं कर.

लोक काय म्हणतात ते तुला ऑफिसात बसून कळायचं नाही. तासतासभर रांगेत अडकायचं, टोल भरायचा तो भरायचाच, आणि समोर कोण — तर मी, दात काढून हसतेय, टाइम लीजिए. भाजीवाला भगवान काल म्हणाला, ‘मैडमजी, वो टाइम मिलता किधर है, हमको भी दिलवा दो.’ टिंडे महाग का, विचारलं तर म्हणतो, आपका ही टोल लगा है. आणि गरम-गारचं म्हणशील तर ते टोलवाल्यांनीच निस्तरलंय — त्या रांगेत कुठली पुरी गरम राहतेय? मातेपर्यंत जाईस्तोवर अगदी विधीप्रमाणे गार. तुझी जाहिरात खोटी ठरली म्हणून धर्म वाचला बघ.

मी नाही पाहिलेलं ते होर्डिंग. कशाला पाहायचं? ती अबोली साडी जरा फिकी आलीय, तेवढंच — म्हणजे, कुणीतरी सांगितलं. … बरं बाबा, गेले होते. मागच्या आठवड्यात, बसने, एकटीच. आणि बस अडकली ती नेमकी माझ्याच समोर. अख्खी बस त्या वरच्या बाईला शिव्या देतेय आणि खालची बाई पदर ओढून बसलीय. पण छान आलेय हं मी. हनुवटीखालचं कमी केलंस ना? असू दे.

दुसरा फोटो कसला? हात जोडून, ‘क्षमा करें’? नाही. रांग माझ्यामुळे लागली का? टोल कंपनीतल्या साहेबांना उभं कर हात जोडून, त्यांच्या हनुवट्या कमी कर. मला ज्यांची क्षमा हवीय ते काही टोलनाक्यावर राहत नाहीत. ते समोर, निळ्या फाटकात. संतोष भाभी — हो, इकडे बाईचं नाव असतं ते. ह्यांची बँकेतली बदली झाली आणि आम्ही आदर्श नगरात आलो, तेव्हापासून दर अष्टमीला चाकसूला जाताना तिच्या जीपमध्ये माझी जागा ठरलेली, खिडकीची. हे गेले तेव्हा साताऱ्याहून माणसं पोचायच्या आत भाभीच्या घरून डबा आला होता, आणि पुढे माझी चूल पेटेपर्यंत रोज येत राहिला. आज पहाटे जीप गेली. हॉर्न नाही वाजवला. मी साडी नेसून पायरीवर बसले होते रे. ‘इतनी बार बासोडा खाया हमारे साथ, और ये सीखा’ — एवढंच म्हणाली परवा. डबा रिकामा होता हे ऐकूनसुद्धा नाही घेतलं तिनं. मला फार लागलं ते.

आल्यात परत, मघाशी गाडी वाजली. म्हणून हे ताट. दरवर्षी तिच्याकडून यायचं, यंदा मी केलंय, काल रात्रीच. ऊठ, तू धर. लिहिलं कुणी? मग धर. चप्पल घाल आधी. रस्ता बघून चाल, राबडी सांडेल. आणि तोंड जरा पाडून ठेव, फोटोत हसायला सांगतोस तसं नको हसूस. वाजव कडी. … मला नाही वाजवता येत, तू वाजव.

भाभी, ये निमिष है. इसीने लिखा था वो सब. नहीं, अंदर नहीं आएँगे, बस ये देने… हात लावून बघतेय रे. पुरीला बोट लावून बघतेय. थंडी है भाभी, कल की है, क़सम से. भात भी देख लो. … क्या? … हाँ. हाँ, आती हूँ ना.

निमिष, ताट इकडे दे. तू जा आता.